हिरड्यांच्या ऑपरेशनचे पैसे घेतले, ऑपरेशन केलंच नाही

दातांची मुळं उघडी पडली आहेत, हिरड्यांचं ऑपरेशन करावं लागेल, असं कोणी सांगितलं तर लगेच घाबरू नका, आणि सांगणारा लबाडच असेल असंही धरून चालू नका. हे ऑपरेशन खरंच असतं आणि चांगलं असतं. माझ्याकडून त्याचेच पैसे घेतले, फक्त ते केलं नाही. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी तसं बजावलंय. वाशीपासून फार लांब नाही, एवढंच सांगते.

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत एका रविवारी मोफत दंततपासणी होती. पेनाएवढा कॅमेरा तोंडात घालून दात टीव्हीवर दाखवत होते. एवढ्या मोठ्या पडद्यावर स्वतःचा सुळा बघितला की कोणीही हादरेल. हिरडीची कड सरकलेली आणि तिथे पिवळसर मूळ. थंड पाण्याने मला सणक जायचीच, त्यामुळे त्यांचं म्हणणं पटलं. "काकू, बारा दातांची मुळं उघडी आहेत, वर्षभरात दात हलायला लागतील." यातलं दुसरं वाक्य खोटं होतं. हिरडी सरकली एवढ्यानेच दात हलत नाही, दात हलतो तो त्याला धरून ठेवणारं हाड झिजलं की. आणि हाड बघायला एक्स-रे लागतो, तो ना शिबिरात काढला ना पुढे दवाखान्यात.

दवाखाना चकाचक होता. डॉक्टर जेमतेम दोन वाक्यं बोलले, बाकी सगळं काउंटरवरच्या मुलीने समजावलं. ती आधी मला मॅम म्हणत होती, पैशांचा विषय निघाल्यावर आई म्हणायला लागली. जुन्या पद्धतीत म्हणे टाळूतून मांस कापून हिरडीला लावतात, खूप रक्त जातं, आठवडाभर पेज प्यावी लागते. त्यांच्याकडे नवी पद्धत, पिनहोल लेझर. चिरा नाही, टाके नाहीत, आत इम्पोर्टेड मेम्ब्रेन, म्हणजे हिरडीखाली ठेवायचा पातळ पडदा. एका दाताचे ८,०००, बारा दातांचे ९६,०००, वर जीएसटी. आमचे हे म्हणाले, विचार करून कळवतो. तर ती म्हणाली, हा रेट आजचाच, उद्या मिळणार नाही. पैसे बँकेतून काढायला वेळ लागेल म्हटलं, तर टॅब पुढे केला, ओटीपी आला, आणि १,१३,२८० रुपयांचं कर्ज नावावर झालं. महिन्याला ९,४४०, वर्षभर. नो कॉस्ट.

ऑपरेशनच्या दिवशी भुलेचं इंजेक्शन दिलं नाही, नुसतं जेल चोळलं. मग "लेझर चालू आहे, डोळे मिटून घ्या" असं सांगून दातागणिक काही सेकंद निळा प्रकाश टाकला. घरी आले आणि वरणभात जेवले. आरशात बघितलं तर मुळं खरंच झाकलेली, हिरडीसारखा गुलाबी रंग, आणि सणकही बंद! मी स्वतः दोन शेजारणींना तो दवाखाना सुचवला. त्या गेल्या नाहीत हे नशीब.

काही महिन्यांनी भाकरी खाताना सुळ्याजवळची एक गुलाबी खपली निघून ताटात पडली. कडक होती, नखाने दबेना. फोन केला तर म्हणाले, "ती टाक्यांवरची पट्टी असते, निघाली तर चांगलंच." आता, अशी पट्टी असते खरी. हिरडीच्या ऑपरेशननंतर टाक्यांवर लिंपतात, रंगही गुलाबीच असतो. पण ती आठवड्या-दोन आठवड्यांत काढून टाकायची असते, आणि मला तर टाके घातलेच नव्हते! याच लोकांनी टाके नाहीत म्हणून पैसे घेतले होते. तोवर उरलेल्या गुलाबीवर चहा-हळदीचे डाग चढले होते आणि खालच्या दातांजवळून ब्रश करताना रक्त यायला लागलं होतं.

नेरुळला डेंटल कॉलेज आहे हे लोकांना रूट कॅनाल स्वस्तात करायचं असलं की आठवतं. तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग असतो, पेरिओडॉन्टॉलॉजीचा. तिथल्या मॅडमनी बारीक रेघांची सळई त्या गुलाबी भागावर टेकवली तर टकटक आवाज आला. हिरडी असती तर दबली असती, पांढरी पडली असती. ते होतं गुलाबी कॉम्पोझिट, म्हणजे दात भरायला वापरतात तेच सिमेंट, हिरडीच्या रंगात. निळा प्रकाश लेझर नव्हता, ते सिमेंट कडक करायचा साधा दिवा होता, प्रत्येक दातांच्या दवाखान्यात असतो. भेगा पडलेल्या भिंतीवर पुट्टी मारावी तसं माझ्या मुळांवर ते लिंपलं होतं. मुळं झाकली गेल्यामुळे सणक थांबली, आणि म्हणूनच मला शंका आली नाही. त्या लिंपणाच्या कडेखाली अन्न आणि कीटण साचून हिरडी सुजली होती.

मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती मला फार महत्त्वाची वाटते. गुलाबी कॉम्पोझिट हा गुन्हा नाही. ज्यांना ऑपरेशन करता येत नाही किंवा करायचं नाही, त्यांना ते सांगून, समजावून लावतात. पिनहोलही खोटं नाही, कॅलिफोर्नियाच्या डॉ. जॉन चाओ यांनी आणलेली पद्धत आहे. तिच्यात लांब चिरा आणि टाके नसतात हेही खरं. पण इंजेक्शनची भूल द्यावीच लागते, वर बारीक छिद्र पाडून आतून हिरडी सैल करतात, खेचून मुळावर आणतात आणि आत कोलॅजेनच्या पट्ट्या सरकवतात. नुसतं जेल लावून हे होणं शक्य नाही. लेझर सोडलं तर काउंटरवरच्या मुलीने एकही शब्द मनाचा वापरला नव्हता, बाकी शब्द खरे होते. काम तेवढं दुसरंच होतं.

आणि ज्या "जुन्या पद्धती"ची भीती घातली, टाळूच्या आतल्या थरातून दीड-एक मिलिमीटर जाडीचा तुकडा घेऊन हिरडीखाली ठेवायचा आणि हिरडी ओढून टाके घालायचे, ती आजही सगळ्यात भरवशाची मानतात. टाळू काही दिवस हुळहुळतो, मऊ जेवावं लागतं, त्या जागी थोडे दिवस ब्रश करायचा नाही. पण टाळूत देण्याजोगं तेवढं नसतंच, म्हणून बारा-बारा दात एका बैठकीत कोणी उरकत नाही.

शिवाय प्रत्येक मूळ झाकता येतंच असं नाही. दोन दातांमधलं हाड आणि टोकदार हिरडी शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची आशा असते. ते झिजलं असेल तर थोडंफार, फारच गेलं असेल तर काहीच नाही. मिलर यांनी १९८५ मध्ये याचे चार वर्ग पाडले, कैरो यांनी २०११ मध्ये त्यांचे तीन केले. कुठल्याही पेरिओडॉन्टिस्टला आधी हे ठरवावंच लागतं. माझ्या खालच्या पुढच्या दातांमधलं हाड पायरियाने गेलेलं आहे. तिथे पूर्ण झाकणारं ऑपरेशन जगात कोणाकडेच नाही, आणि मला त्याच दातांची शंभर टक्के गॅरंटी लेटरहेडवर दिली होती. वरचा डावा सुळा आणि शेजारची दाढ मात्र होण्याजोगी होती. ती तिथेच केली, टाळूतून तुकडा घेऊन. हा खर्च मी दवाखान्याच्या बिलाशी ताडून बघितला नाही, उगीच रक्तदाब वाढायचा. त्याआधी ब्रश बदलायला लावला, कारण कडक ब्रश आडवा घासूनच सुळ्याची हिरडी गेली होती. घासणं तेच राहिलं तर ऑपरेशन केलेलीही पुन्हा सरकते. (सासूबाई मिश्री घासायच्या, त्यांच्या हिरड्या तर समोरून पार गेल्या होत्या. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.)

बिल पुन्हा काढून वाचलं तेव्हा खरा धक्का बसला. त्यावर ग्राफ्ट (म्हणजे लावलेला तुकडा), मेम्ब्रेन, पिनहोल यातला एकही शब्द नव्हता. "कॉस्मेटिक करेक्शन, १२ युनिट" आणि १८ टक्के जीएसटी. डॉक्टरांच्या उपचारांवर जीएसटी नसतो, निव्वळ दिसण्यासाठी केलेल्या कामावर लागतो. म्हणजे तोंडी ऑपरेशन आणि कागदावर रंगरंगोटी, पुढे कोणी विचारलं तर सुटायला वाट. पण गॅरंटीच्या कागदावर "रूट कव्हरेज", म्हणजे मूळ झाकणं, असं त्यांनीच छापलं होतं. आता सगळी मदार त्या कागदावर आणि कॉलेजच्या केसपेपरवर आहे.

दवाखान्याने आधी "कॉम्प्लिमेंटरी टच-अप" देऊ केला. फायनान्स कंपनी म्हणाली, उपचारांशी आमचा संबंध नाही. रागाने हप्ते थांबवू नका, सिबिल तुमचाच बिघडतो. कर्जाच्या की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये, म्हणजे मुख्य अटींच्या कागदात, सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत कर्ज परत करून बाहेर पडायची मुभा लिहिलेली असते, तो कागद त्याच रात्री वाचा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे लेखी दिली, आणि शेवटी बेलापूरच्या कोकण भवनात ग्राहक आयोगाकडे गेलो. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलंय. मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत २ वर्षांची. तारखा पडतात, धीर लागतो.

तुम्हाला कोणी हे ऑपरेशन सुचवलं तर एवढं मागा: कुठल्या दाताची हिरडी किती मिलिमीटर सरकली आहे ते सळईने मोजून लिहून द्या, एक्स-रे दाखवा, तुकडा टाळूतून घेणार की मेम्ब्रेन लावणार ते बिलावर येऊ द्या, आणि मेम्ब्रेन असेल तर तिच्या पाकिटावरचं बॅच नंबरचं स्टिकर केसपेपरवर चिकटवा. करणारे डॉक्टर पेरिओडॉन्टॉलॉजीत एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) आहेत का आणि त्यांचा नोंदणी क्रमांक काय, हे बेधडक विचारा. आमच्या कॉलेजातल्या मॅडमनी यातलं बरंचसं न मागताच केलं होतं. काउंटरवर हे विचारल्यावर समोरचा माणूस "ऑफर आजचीच" म्हणाला, तर चप्पल घाला आणि निघा.

माझे आधीचे आणि नंतरचे फोटो त्यांनी काढले होते, नुसते दातांचे. ते न विचारता जाहिरातीत वापरले. नोटीस गेल्यावर पानावरून काढले, पण माझ्या भाचीला परवा घणसोलीच्या एका शिबिराच्या पत्रकावर तेच दात दिसले. वरचा डावा सुळा किंचित वाकडा आणि त्याच्या टोकाचा टवका उडालेला, हीच खूण. दिसलं तर पत्रकाचा फोटो तारखेसकट काढून मला पाठवा, वकिलांना हवाय.