खाऱ्या हवेत आठ महिने: घरी कोटिंग केलेली शॉटगन

गेल्या खंडेनवमीला पूजेत ठेवायला शॉटगन तिजोरीतून काढली आणि नळीवरून फडकं फिरवताना ते मध्येच अडकलं. खिडकीपाशी नेऊन बघितलं तर रिबच्या, म्हणजे नळीवरच्या लांब पट्टीच्या, कडेनं तांबूस ठिपक्यांची रांगच. आमचं घर ह्यूस्टनच्या दक्षिणेला, गॅल्व्हेस्टनचा समुद्र गाडीने पाऊण तासावर. हिवाळ्यात बदकांच्या शिकारीला जातो ती खाडीही खारीच. बारा बोअरची ही पंप शॉटगन मी सात वर्षांपूर्वी जुनीच घेतली होती आणि तिचं ब्लूइंग तेव्हाच विटलेलं होतं.

ब्लूइंग म्हणजे पोलादावर रासायनिक क्रियेने आणलेला काळ्या ऑक्साइडचा पातळ थर. दिसतो देखणा, पण गंज अडवतं ते त्याच्यावरचं तेल. लांज्याजवळच्या आमच्या गावात आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. पावसाळाभर दर आठवड्याला तिच्यावरून तेलाचा हात फिरायचा, आणि ती शेवटपर्यंत लख्ख होती. माझ्याच्याने ती शिस्त पाळली गेली नाही. म्हणून फवारायच्या कोटिंगकडे वळलो.

पहिला प्रयत्न तीन वर्षांपूर्वीचा, फक्त मॅगझिन ट्यूबवर (काडतुसं भरायची, मुख्य नळीखालची नळी), डब्यातल्या एपॉक्सी स्प्रेने. अशा स्प्रेला ओव्हन लागत नाही, पण पूर्ण कडक व्हायला आठवडे लागतात. मी चौथ्या दिवशीच फोरएंड, म्हणजे त्या ट्यूबवर पुढे-मागे सरकणारी मूठ, चढवला. त्या थरात माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला तो उमटलाच, आणि साफसफाईचं सॉल्व्हंट लागलं तिथे थर मऊ पडला. घाई माझी होती, त्या रंगाला मी वाईट म्हणणार नाही. ज्याला बंदूक महिनाभर टांगून ठेवता येते त्याच्यासाठी तो मार्ग आजही बरा आहे.

या खेपेला सेराकोट घेतलं, एच मालिकेतलं, मातकट हिरवं. हे सिरॅमिक मिसळलेलं पॉलिमर कोटिंग, ओरेगनमधल्या एनआयसी इंडस्ट्रीजचं. याच नावात सी मालिकाही आहे, ती हवेवर वाळते आणि तिला पाच दिवस द्यावे लागतात. एच मालिका ओव्हनमध्ये भाजायची असते: २५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२० सेल्सियस, दोन तास. त्यात हार्डनर, म्हणजे थर कडक करणारा द्रव, मिसळायचं प्रमाण अठराला एक. मी ७२ मिलिलिटरला ४ मिलिलिटर घेतलं, तेही सुईच्या सिरिंजने मोजून. अंदाजाने ओतलं की चमक बदलते, आणि नळी एका छटेची, रिसीव्हर (नळीमागचा, यंत्रणा बसते तो मुख्य सांगाडा) दुसऱ्या छटेचा असं होऊन बसतं.

फवारणी हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे, वीस मिनिटांचा. माझे दोन शनिवार-रविवार गेले ते तेल काढण्यात.

सगळे भाग सुटे करून ॲसिटोनमध्ये बुडवले, घासले, पुसले. पांढऱ्या कपड्यावर डाग येईना, तेव्हा वाटलं झालं. मग गॅरेजमधल्या ओव्हनमध्ये ३०० अंश फॅरनहाइटवर तासभर नुसतेच तापवायला ठेवले. दार उघडून बघतो तर रिसीव्हरच्या आतल्या रिव्हेटपाशी मधासारखा एक तपकिरी ओघळ! चाळीसेक वर्षांचं तेल त्या केसभर फटीत दडून होतं आणि उष्णतेने वर आलं होतं. ते न बघता मी फवारलं असतं, तर भाजताना तेच तेल थराखालून फुगून आलं असतं. पुन्हा ॲसिटोन, पुन्हा ओव्हन. दुसऱ्या वेळी ओघळ नव्हता, पण फिकट सावली होती. तिसऱ्या वेळी कोरडं निघालं. त्यानंतर उघड्या हाताने एकाही भागाला स्पर्श केला नाही, हातमोजे आणि तारेचे हूक एवढंच.

त्यानंतर ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण मारून पृष्ठभाग खरबरीत करणं. गुळगुळीत पोलादावर कोटिंग पकडच घेत नाही, आणि काचपेपरने तशी पकड येत नाही, हे मी जुन्या तुकड्यावर करून बघितलंय. हे काम एका मित्राच्या गॅरेजमध्ये केलं, स्वतः उभं राहून. अमेरिकेच्या कायद्याने रिसीव्हर हीच बंदूक. तो ब्लास्टिंगच्या दुकानात रात्रभर सोडायचा तर ते दुकान फेडरल परवान्याचं लागतं. सिरियल नंबरवर जाड टेप लावा आणि तिथे ब्लास्टिंग अजिबात करू नका. खोदलेले आकडे उथळ असतील तर बुजतात, आणि नंबर मिटवणं किंवा बदलणं हा फेडरल गुन्हा आहे. कोटिंगही मी त्या जागी एकच हलका हात दिला. आज नंबर नखाने चाचपता येतो.

एक गोष्ट कळवळून सांगतो. स्वयंपाकघरातला ओव्हन वापरू नका. मी जुना विजेचा ओव्हन गॅरेजसाठी वेगळा घेतला, त्यात आता पाव कधीच भाजला जाणार नाही. श्वासासाठी सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज असलेला मास्क घ्या, कापडी मास्क काही कामाचा नाही. काही दोन-भागी कोटिंगच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याने दमा जडू शकतो. दार उघडं, पंखा बाहेरच्या दिशेने, आणि घरात लहान मूल असेल तर त्या दिवशी त्याला दुसरीकडे पाठवा. काडतुसं गॅरेजमध्ये नकोतच. चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, आणि मॅगझिन डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्ही तपासून मगच स्क्रूड्रायव्हर हातात घ्या.

नळीचं आतलं अंग, चेंबर, चोकचे (नळीच्या तोंडाशी बसणाऱ्या तुकड्याचे) आटे, चापाची यंत्रणा आणि स्प्रिंगा यांना मी कोटिंग लावलं नाही. लावूही नये. थर जेमतेम २५ मायक्रॉनचा असतो, पण दोन भाग एकमेकांवर सरकतात तिथे तो दोन्हीकडून धरला जातो आणि बंदूक जड चालते. मला ते भोवलंच. मॅगझिनच्या टोपीचे आटे झाकायला विसरलो, टोपी अर्ध्यावर अडली, आणि दंतवैद्याकडे असतो तशा बारीक हुकाने एकेक आटा खरवडत मी संध्याकाळ घालवली. भाजण्याआधी लक्षात आलं असतं तर ॲसिटोनने पुसून मोकळा झालो असतो. एकदा भाजलं की मात्र पुन्हा ब्लास्टिंगशिवाय ते नीट निघत नाही.

आता वापराचं. नोव्हेंबर ते जानेवारी मी अकरा वेळा खाडीवर गेलो, त्यांतले दोन दिवस भर पावसात. एकदा बंदूक कयाकच्या तळाशी साचलेल्या खाऱ्या पाण्यात तासभर पडून होती. घरी येऊन गोड्या पाण्याने धुतली, पुसली, आणि थकव्याने तेल न लावताच झोपलो. सकाळी बाहेरून एक ठिपका नव्हता. पूर्वीच्या ब्लूइंगवर त्याच सकाळी नारिंगी भुकटी दिसली असती.

आतल्या बाजूची गोष्ट वेगळी. त्याच रात्रीनंतर नळीच्या कड्याच्या आत, जिथे ती मॅगझिन ट्यूबवर बसते, गंजाची चंद्रकोर निघाली. तिथे फवारा पोचलाच नव्हता. कोटिंग जिथे आहे तिथेच राखण करतं, त्याच्या कडेला पोलाद पूर्वीइतकंच उघडं. त्यामुळे तेलाची बाटली काही सुटली नाही, फक्त तेल लावायच्या जागा कमी झाल्या.

फेब्रुवारीपासून दर पंधरवड्याला क्ले शूटिंग, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेमबाजी. तीस-पस्तीस पेट्या काडतुसं झाली असतील. फोरएंड सरकतो तिथे मॅगझिन ट्यूबवर दोन चकचकीत पट्टे पडलेत, ते पडणारच होते. खांद्याला अडकवायच्या पट्ट्याच्या कडीपाशी मात्र दाण्याएवढी खपली उडाली आहे. भिंग लावून बघितलं तर खालचं पोलाद गुळगुळीत, म्हणजे ब्लास्टिंग करताना त्या कोपऱ्यात नोझल वळलंच नव्हतं. सॉल्व्हंटचा काही परिणाम नाही. टेक्सासच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहूनही रंग तसाच आहे.

खर्च सगळा मिळून साडेतीनशे डॉलरच्या आसपास, त्यात निम्मा ओव्हन, मास्क आणि स्प्रे गनचा. दुकानांनी मला अडीचशे ते साडेतीनशे सांगितले होते. म्हणजे एकाच बंदुकीसाठी घरी करण्यात पैसा वाचत नाही. मला स्वतःच्या हाताने करायचं होतं, एवढंच कारण. शूटिंग क्लबमधल्या दोघांनी त्यांच्या बंदुका करून द्यायला सांगितलं, मी नाही म्हटलं. पैसे घेऊन असा व्यवसाय करायचा तर फेडरल परवाना लागतो. त्यातल्या एकाकडे बेल्जियममध्ये बनलेली ब्राउनिंग ऑटो-५ आहे, मूळ ब्लूइंगसकट. तिला हे फासणं म्हणजे जुन्या पैठणीला प्लास्टिकचं अस्तर लावणं. तिला तेलच लावा, असं त्यांना सांगितलं. गावाकडच्या भावालाही हेच सांगितलं, कारण भारतात बंदुकीची दुरुस्ती परवानाधारकाकडूनच करून घ्यावी लागते.

ऑगस्टमध्ये नळी पुन्हा उतरवणार आहे. त्या कडीचा कोपरा नीट ब्लास्ट करायचा आहे, आणि कड्याच्या आत या वेळी लहान नोझलने फवारा पोचतो का ते बघायचं आहे.