हरणासाठी घेतलेल्या रायफलीने प्रेअरी डॉग टिपताना: दोन हंगामांनंतरचा अनुभव

हे लिहायला निमित्त झाले ते रायफल बनवणाऱ्या कंपनीच्या दोन ओळींच्या उत्तराचे. माझी .२४३ विंचेस्टर या मापाच्या काडतुसाची रायफल पाचव्या गोळीनंतर नेम सोडते, अशी तक्रार करून मी ती पदरच्या पैशांनी त्यांच्याकडे पाठवली होती. थंड नळीतून तीन गोळ्या १०० यार्डांवर एक इंचात बसतात, सबब रायफल निर्दोष आहे, असे कळवून त्यांनी ती जशीच्या तशी परत धाडली आणि परतीचे भाडेही माझ्याच माथी मारले. त्यांचे म्हणणे नियमात बसते, म्हणून तर अधिक चीड येते.

हरणाच्या शिकारीत या रायफलीविषयी माझी काहीही तक्रार नाही, कारण तेथे दिवसाकाठी एखादी गोळी सुटते आणि बारीक, हलकी नळी खांद्याला सुखाची वाटते. अमेरिकेतल्या साउथ डकोटाच्या पश्चिम भागात मात्र गुरांची कुरणे राखण्यासाठी रँचमालक प्रेअरी डॉग (बिळांत राहणारे, खारीच्या कुळातले लहान प्राणी) मारू देतात आणि तेथे एका सकाळीत डझनावारी काडतुसे संपतात. नळी तापली की तिच्यातले ताण कमीजास्त सुटून ती किंचित कलते, शिवाय तिच्यावरून उठणाऱ्या गरम हवेमुळे दुर्बिणीतले लक्ष्य थरथरू लागते. १०० यार्डांवरचा एक इंच ३०० यार्डांवर तीन इंच होतो, तोवर ठीक आहे. पण तापलेल्या नळीचे दोन इंच तेथे सहा इंच होतात आणि उभा राहिलेला प्रेअरी डॉग जेमतेम चार इंच रुंद असतो.

जाड नळीची, .२२३ या लहान काडतुसाची रायफल घ्या, हा सल्ला मला सगळ्यांनी दिला. काडतुसात भरायच्या बंदुकीच्या दारूच्या हिशेबात त्यांचे खरे आहे: एका पौंडात ७,००० ग्रेन असतात, .२४३ला काडतुसामागे सुमारे ४० ग्रेन धरले तर १७५ काडतुसे भरतात आणि .२२३ला २५ धरले तर २८०. पण नवी रायफल, नवी दुर्बीण आणि काडतुसे भरण्याचे नवे साचे यांचा खर्च त्या फरकातून भरून निघायला किती वर्षे लागतील, हे कोणी सांगत नाही. माझ्याकडे हरणाच्या हंगामातल्या पुंगळ्या (काडतुसांची रिकामी पितळी टरफले) आणि साचे आधीच होते, त्यामुळे मी घरीच काडतुसे भरायचे ठरवले. पुंगळ्यांची लांबी २.०४५ इंचांच्या पुढे गेली की त्या २.०३५पर्यंत कापणे हे विलक्षण कंटाळवाणे काम आहे, एवढे मान्य करतो.

पहिल्या हंगामात ५८ ग्रेनच्या गोळीवर मी बेहद्द खूश होतो. तिचा वेगच तसा आहे. दुसऱ्या हंगामात माझे मत बदलले. तिचा बॅलिस्टिक कोएफिशंट (गोळी हवेचा रोध किती सहज कापते याचा आकडा) .२५०, तर ८७ ग्रेनच्या व्ही-मॅक्स गोळीचा .४००, आणि प्रेअरीवरच्या न थांबणाऱ्या वाऱ्यात हा फरक लांबच्या प्रत्येक गोळीला जाणवतो. जड गोळीला दारू थोडी कमी लागते आणि माझ्या रायफलीत ती हरणाच्या १०० ग्रेनच्या गोळीच्या जवळच बसते, त्यामुळे दर वेळी दुर्बीण नव्याने जुळवण्यात गोळ्या वाया जात नाहीत. दारूचे प्रमाण कोणाचे ऐकून ठरवू नये. ते काडतुसे भरण्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावे आणि खालच्या आकड्यापासून चढत जावे. ही गोळी लागताच फुटते, ती हरणासाठी नाही, म्हणून दोन्ही काडतुसांचे डबे वेगळे ठेवावेत.

नळीचे दुखणे मात्र याने मिटलेले नाही. पाच गोळ्या झाल्या की बोल्ट (नळीमागची कडी) उघडून नळी उभी ठेवायची, म्हणजे आतली गरम हवा वर निघून जाते, आणि दहा-पंधरा मिनिटे शेजाऱ्याचा .२२३चा धडाका ऐकत बसायचे. मोठ्या मापाच्या .३०८ काडतुसाच्या पुंगळीचे तोंड ६ मिलिमीटरच्या गोळीसाठी आवळून १९५५ साली .२४३चे काडतूस बाजारात आले. एवढी दारू अशा अरुंद नळीतून जळत गेली की नळीच्या आतल्या खाचांची सुरुवातीची धार लवकर झिजते, आणि तापलेल्या नळीत ती आणखी लवकर झिजते. ती झिजली की याच मापाची जाड नळी बसवून घेण्याचा विचार आहे, परंतु त्यासाठी दस्ता कोरावा लागेल आणि हरणामागे चालताना तेच वजन खांद्यावर येईल, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याला मी अजून होकार दिलेला नाही.