मित्सुबिशी शक्ती १८० डी : सात वर्षं शेडमध्ये पडलेला ट्रॅक्टर परत ब्लोअरला जोडला, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, हा शोरूममधल्या नव्या ट्रॅक्टरचा रिव्ह्यू नाही. आप्पांनी २००३ ला घेतलेला, २०१७ पासून शेडमध्ये खताच्या गोण्या आणि ठिबकच्या जुन्या नळ्यांच्या मागं उभा असलेला, भंगारवाला दोनदा येऊन भाव करून गेलेला असा आमचा व्हीएसटी कंपनीचा १८० डी. आमच्याकडं त्याला कोणी शक्ती म्हणत नाही, १८० पण म्हणत नाही, नुसतं मित्सुबिशी म्हणतात किंवा छोटा म्हणतात. साडेअठरा एचपी, तीन सिलेंडर, सहा गिअर पुढचे दोन मागचे, टू व्हील. निफाड दिंडोरी पट्ट्यात ज्याच्याकडं द्राक्ष होती त्याच्याकडं हा किंवा ह्याचा कोणीतरी भाऊबंद होताच, कारण मांडवाखालून जाणारा आणि दोन ओळींत मावणारा ट्रॅक्टर तेव्हा फार कोणाकडं मिळायचा नाही.

मग उभा का केला? मोठा घेतला म्हणून, दुसरं काही नाही. चाळीस एचपी आला, नांगरट रोटा सगळं त्याच्यावर, छोट्याची बॅटरी बसली ती बसलीच, आज बघू उद्या बघू करत सात वर्षं. आणि मोठा काही बागेत शिरत नाही त्यामुळं ब्लोअर (ट्रॅक्टरमागं जोडायचं औषध फवारायचं यंत्र) भाड्यानं. आता द्राक्षवाल्यांना सांगायला नको, गोडी छाटणी (ऑक्टोबरची, फळासाठीची) झाली, पोंगा म्हणजे नवा कोंब फुटला आणि वरून पाऊस आला की डावणी (बुरशीचा रोग) तुमची वाट बघत थांबत नाही, पाऊस उघडला की त्याच दिवशी औषध गेलं पाहिजे, आणि नेमकं त्याच दिवशी भाड्याचा ब्लोअरवाला पंधरा जणांना "निघालोच भाऊ" म्हणत असतो. मागच्या सिझनला तो दीड दिवसानं आला. एका प्लॉटचे निम्मे घड गेले. तेव्हाच ठरवलं की छोटा चालू करायचा, नाहीतर सरळ विकून टाकायचा पण हे शेडमधलं श्राद्ध बंद.

मे महिन्यात गोण्या हलवल्या. चारही चाकं बसलेली, पुढचे टायर इतके तडकलेले की आतला धागा दिसत होता, रेडिएटरच्या जाळीत कुंभारीण माशीची मातीची घरं, वायरिंग उंदरांनी इतकं मन लावून खाल्लेलं की नुसत्या तांब्याच्या तारा लोंबत होत्या, सीटखाली घुशीचं बिऱ्हाड. फक्त एक गोष्ट वेगळी दिसली, सायलेन्सरच्या तोंडावर चहापत्तीचा पत्र्याचा डबा घातलेला आणि वरून सुतळीनं आवळून बांधलेला. हे आप्पांचं काम. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, डबा काढला आणि फेकला.

पहिला मेकॅनिक तालुक्याहून बोलावला. त्यानं मोठ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायर जोडली, किल्ली मारली, स्टार्टरनं टक्क केलं आणि गप्प. दोनदा टक्क, तीनदा टक्क. "इंजिन जाम आहे दादा, हाफ इंजिन करावं लागेल, चाळीस हजार धरून चला." हाफ इंजिन म्हणजे इंजिन खोलून आतले पार्ट बदलणं. पाच मिनिटांत निकाल, पाचशे रुपये व्हिजिट. बोनेट पूर्ण उघडलं पण नव्हतं त्यानं.

चाळीस हजार म्हणल्यावर भंगारवाल्याचा नंबर शोधायला लागलो होतो, तेवढ्यात आप्पा म्हणाले, आधी वाडीतल्या मिस्तरींना दाखव. मिस्तरी म्हणजे सत्तरी पार केलेले, जन्म ऑइल इंजिनांत गेलेला, आता नजर कमी झालीय म्हणून काम घेत नाहीत. ते आले, खाली बसले आणि पहिला प्रश्न विचारला, "सायलेन्सरवर काय होतं?" म्हणलं डबा होता. "मग इंजिन कशाला जाम होईल?" त्यांचं म्हणणं असं की उभं राहिलेलं इंजिन मरतं ते वाल (व्हॉल्व्ह) उघडा राहिलेल्या सिलेंडरमधून, सायलेन्सरकडून दमट हवा नाहीतर पाणी आत जातं, लायनरला (सिलेंडरच्या आतल्या नळीला) गंज येतो आणि पिस्टनच्या रिंगा चिकटतात. तोंड बंद असेल आणि एअर क्लिनरमध्ये तेल असेल तर बरंच वाचतं. मी गुपचूप जाऊन उकिरड्यावरनं डबा उचलून आणला.

आता ज्यांचा असाच उभा आहे त्यांनी इथून पुढं नीट वाचा. क्रँक पुलीच्या नटाला बॉक्स पाना लावला, हातानं हलकं फिरवून बघितलं, नाही फिरलं. मिस्तरींनी जोर लावू दिला नाही, पाइप घालून ताकद लावली असती तर रिंग मोडली असती म्हणे. तिन्ही नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारी) काढली, भोकातून निम्मं डिझेल निम्मं इंजिन ऑइल असं थोडं थोडं सोडलं आणि वर चिंध्या कोंबून दोन दिवस तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी पाना लावला तर आधी बोटभर पुढं, मग बोटभर मागं, असं झोके दिल्यासारखं करत करत दहा मिनिटांत पूर्ण फेरा. आवाज ना काही, खरखर ना काही. चाळीस हजार तिथंच वाचले. आणि ते टक्क टक्क कशाचं होतं तर अर्थिंगच्या वायरचं, चॅसीला जिथं बोल्ट आहे तिथं हिरवट गंज इतका की करंटच जात नव्हता. म्हणजे जाम होतं हे थोडंफार खरं, पण त्या भाऊंना ते कळलं नव्हतं, त्यांना फक्त टक्क ऐकू आलं होतं.

डिझेलची टाकी हा वेगळा विषय. सात वर्षांचं डिझेल काढलं तर तळाला पाणी आणि त्यावर काळी बुळबुळीत साय, शेवाळासारखी. टाकी खोलून घेतली, आत मूठभर नट टाकले, थोडं डिझेल टाकलं आणि मी आणि माझा मुलगा दोघांनी झोळीतल्या पोरासारखी हलवली, चार वेळा. पाइप सगळे नवे, दोन्ही फिल्टर नवे. नोझल आणि पंप पिंपळगावला टेस्टिंगला दिले, एक नोझल फवारा मारायच्या ऐवजी ठिबकत होतं, पंपाची रॅक (डिझेल किती सोडायचं ते ठरवणारी दांडी) चिकटलेली. हे रॅकचं लोक बघत नाहीत आणि हीच सगळ्यात घातक गोष्ट. रॅक फुल डिझेलवर चिकटलेली असेल आणि तुम्ही इंजिन चालू केलं तर ते पळत सुटतं, किल्लीनं बंद होत नाही, स्टॉप ओढून बंद होत नाही. पंप रिपेर होऊन आला तरी मिस्तरींनी चालू करायच्या वेळी मला एअर क्लिनरचा पाइप काढून तिथं ओलं पोतं आणि फळकूट घेऊन उभं केलं. पळालं तर हवा कोंड, बाकी काही करू नको.

ऑइल बदललं, पाणी भरलं (होज लगेच फुटला, मग दोन्ही होज आणि पंख्याचा पट्टा नवा), डिझेलच्या पाइपांतली एअर काढली. एअर काढणं म्हणजे फिल्टरचा बोल्ट सैल करायचा, बुडबुडे जाऊन सलग डिझेल आलं की आवळायचा, मग पंपाचा, मग शेवटी नोझलच्या पाइपांचे नट सैल ठेवून स्टार्टर मारायचा. घाई केली की परत पहिल्यापासून. आधी स्टॉप ओढून धरून नुसताच स्टार्टर फिरवला, ऑइलचा दिवा विझेपर्यंत, म्हणजे कोरड्या बेअरिंगवर इंजिन पेटायला नको. मग स्टॉप सोडला. दोन वेळा फुसफुस, तिसऱ्याला एका सिलेंडरनं पकडलं, पांढऱ्या धुरानं शेड भरली, सायलेन्सरमधून काहीतरी काळं उडून बाहेर पडलं, कोंबड्या पळाल्या, आणि मग दुसरा तिसरा सिलेंडर लागला आणि तो आवाज आला. आप्पा ओट्यावर होते, उठले नाहीत, फक्त म्हणाले रेस कमी ठेव.

वाटलं झालं. कुठलं झालं. क्लच दाबला, गिअर टाकायला गेलो तर करकर करकर, पडायलाच तयार नाही. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली. पेडल दाबून लाकूड लावून एक रात्र ठेवलं, काही फरक नाही. गावातले दोघं म्हणाले ट्रॅक्टर मधून फोडावा लागेल, त्याशिवाय इलाज नाही. मिस्तरींनी आधी ब्रेक खोलायला लावले (ते पण गंजलेले, आणि ब्रेक नसताना पुढचा उद्योग करायचाच नाही), ते साफ करून बसवले, मग ट्रॅक्टर मोकळ्या वावरात, पुढं दोनशे फूट काही नाही, माणूस नाही जनावर नाही. इंजिन गरम करून बंद केलं. वरचा गिअर बंद इंजिनातच टाकला, क्लच पूर्ण दाबलेला, आणि स्टार्टर. ट्रॅक्टर क्लच दाबलेला असताना चालायला लागला, विचित्र वाटतं ते. रेस दिली, दोन्ही ब्रेक एकत्र दाबले, सोडले, परत दाबले. चौथ्या झटक्याला खाड्कन आवाज झाला आणि ट्रॅक्टर जागेवर थांबला, इंजिन चालूच. सुटली! हा प्रकार एकट्यानं आणि शेडमध्ये कृपा करून करू नका.

खर्चाचं सगळे विचारतात म्हणून सांगतो. बॅटरी ४,८००, पंप नोझल ६,५००, ऑइल (इंजिनाचं आणि गिअर हायड्रोलिकचं पण, ते ताकासारखं पांढरं झालं होतं) आणि फिल्टर मिळून ५,२००, होज पट्टा १,४००, वायरिंग २,०००, पुढचे दोन टायर ट्यूब ७,०००, मिस्तरी पैसे घेत नव्हते, बळंच ४,००० दिले. पहिल्या भाऊंचे ५०० धरले तर ३१,४००. मागचे टायर आहे त्यातच ढकलतोय, पुढच्या वर्षी लागतील.

पार्टचं म्हणाल तर ह्या ट्रॅक्टरचा हा मोठा प्लस आहे, वीस वर्षं जुना असून फिल्टर, होज, नोझल टिप सगळं नाशिक पिंपळगावला काउंटरवर मिळालं. एका दुकानात मात्र १८० सांगून पण २२४ ह्या दुसऱ्या मॉडेलचा होज पिशवीत टाकला आणि परत घेताना असं तोंड केलं की मीच चोरून आणलाय. जुना पार्ट हातात घेऊन जा, तोंडी सांगू नका.

आता चालतो कसा. ऑक्टोबर छाटणीपासून आमचा जुना ५०० लिटरचा ब्लोअर ह्याच्यावर आहे. नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या प्लॉटमध्ये आरामात फिरतो, आमच्या मोठ्यासारखा ओलांड्याला (वेलीच्या आडव्या फांदीला) घासत नाही. ओळीच्या शेवटी वळायला एका बाजूचा ब्रेक दाबला की जागच्या जागी फिरतो, हे सुख मोठ्या ट्रॅक्टरवाल्याला कळणार नाही. डिझेल तासाला तीन लिटरच्या आत बाहेर. पावसानंतर मातीत फसत नाही असं नाही, पण वजन कमी असल्यानं चाकोरी खोल पडत नाही आणि बागेत मुळांजवळची जमीन दबत नाही, मला ह्याचं जास्त कौतुक आहे. टाकी पूर्ण भरलेली असताना चढाला मात्र दम लागतो, खालचा गिअर टाकावाच लागतो, आणि पीटीओची (ब्लोअर फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टची) रेस धरून ठेवायची तर अशा वेळी घाई चालत नाही. रोटाव्हेटर लावून बघितला, हलक्या जमिनीत ठीक, आमच्या काळ्या रानात ह्याच्याकडून ती अपेक्षा ठेवणं म्हणजे म्हाताऱ्याला पोतं उचलायला लावणं. पीटीओच्या सीलमधून थोडं ऑइल येतंय, ते एप्रिलमधल्या खरड छाटणीच्या आधी बदलणार. सीट कडक आहे. लाइट एकच चालतो.

कागदाचं विसरू नका, हे माझंच राहिलं होतं. रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, आमचं २०१८ लाच संपलेलं. रस्त्यावर आणायचा तर इन्शुरन्स काढून आरटीओला दाखवून परत पाच वर्षांचं करून घ्यावं लागतं, आणि जितका उशीर तितका भुर्दंड. बागेत फिरवायला कोणी विचारत नाही पण आमचा एक प्लॉट रस्त्यापलीकडं आहे.

नोव्हेंबरमध्ये दोन दिवस पाऊस झाला. उघडीप मिळाली ती दुपारी तीनला, सव्वातीनला ब्लोअर बागेत होता, अंधार पडेपर्यंत दोन्ही प्लॉट उरकले. भाड्याच्या ब्लोअरवाल्याचा रात्री नऊला फोन आला, "उद्या सकाळी निघतोच भाऊ."

जुना कोणी विकत घेणार असेल तर माझं मत, चालू स्थितीतला रंग मारलेला घेण्यापेक्षा बंद पडलेला पण पूर्ण असलेला बघा. पुलीला पाना लावून इंजिन फिरतंय का बघा, गिअर ऑइलचा रंग बघा, सायलेन्सरचं तोंड उघडं होतं का विचारा. रंगावर जाऊ नका, आमचा अजून तसाच फिका आहे, बोनेटवर मित्सुबिशीमधलं अर्धं नाव गेलंय.

आणि कोणाकडं ह्याचं जुनं तास मीटर पडून असेल तर सांगा, आमचं उंदरांनी आतून पोखरलंय, काच तेवढी शाबूत आहे. नवं आणून दिलं तर आप्पांना ते पटत नाहीये, म्हणतात तसंच जुनं बघ.