सोफा न घेता हॉलमध्ये भारतीय बैठक केली, १४ महिन्यांनंतरचा अनुभव

नाशिकला इंदिरानगर साइडला आमचा टू बीएचके आहे, कार्पेट एरिया ७१० चौरस फुटांच्या आसपास, हॉल १७ बाय साडेदहा फूट. मागच्या वर्षी पाडव्याला राहायला आलो, म्हणजे एक पूर्ण पावसाळा, एक थंडी आणि दोन उन्हाळे बघून झालेत. घर करताना मी बैठकीबद्दल खूप शोधलं होतं, फोटो हजारो मिळाले पण रोज वापरून कसं वाटतं, उंची किती ठेवायची, गाद्यांचं काय होतं हे कुणी नीट सांगितलेलं सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. लांबण लागेल, पण ज्यांना करायचीय त्यांना उपयोग होईल.

आधी हे का केलं ते सांगते. इंटिरियरवाल्यांनी पहिलं थ्रीडी दिलं त्यात राखाडी एल शेप सोफा, टीव्हीच्या मागे काळ्या पट्ट्यांचं पॅनल, फॉल्स सीलिंगमध्ये लाइटच्या रेघा. दिसायला सुंदरच होतं. नवऱ्याने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ह्यात तबला कुठे मांडायचा? आमच्याकडे दर गुरुवारी संध्याकाळी मी गायला बसते, तो तबल्यावर असतो, शेजारचे एक काका पेटी घेऊन येतात. हे सगळं जमिनीवरचं काम. मग आठवलं की आधीच्या भाड्याच्या घरात सोफा सात वर्षं होता आणि आम्ही सगळे खाली सतरंजीवर, पाठ सोफ्याला टेकवून. सोफ्यावर कोण, तर दोरीवरून काढलेले कपडे आणि मुलाचं दप्तर. निवडणं-टिपणं खाली, अभ्यास खाली, मॅच बघणं पण खाली. मांडी घालून बसणारी माणसं आहोत आम्ही, मग ६५ हजारांचा सोफा कुणासाठी घ्यायचा? तिथून सगळा प्लॅनच बदलला. इंटिरियरवाल्यांना थोडं खटकलं, पण त्यांनी ऐकलं हे मान्य करायला हवं.

आता मुख्य मुद्दा, उंची. आम्ही पहिल्यांदा ४ इंचाचा प्लायचा बेस आणि त्यावर ५ इंचाची कापसाची गादी केली, म्हणजे ९ इंच. फोटोत अशीच असते, जमिनीला लागून, मस्त दिसते. दोन महिन्यांत कापूस दबला आणि ती सात इंचावर आली. सासूबाई ६९ वर्षांच्या, गुडघ्याचा त्रास आहेच. त्या बसायच्या पण उठताना एक हात भिंतीला, एक हात माझ्या खांद्यावर. एकदा मी ऑफिसातून आले तर त्या हॉलमध्ये डायनिंगची खुर्ची ओढून भिंतीशी बसलेल्या, आणि मुलगा खाली बैठकीवर त्यांच्यासाठी उशी नीट करून वाट बघतोय. "आई, इथे का बसलात?" म्हटलं तर म्हणाल्या, "अगं बसते की, पण मग उठवायला कोणीतरी घरात लागतं." ते वाक्य मला फार लागलं. आपण घरच्यांच्या सवयीवरून घर करतोय म्हणतो आणि घरातल्याच माणसाला बसता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना फोन केला. तीन बेस आहेत आमचे, दोन लांब भिंतीला आणि एक खिडकीखाली. भिंतीकडचे दोन उचलून ९ इंचाचे केले, गादीसकट १४ इंच. खिडकीखालचा आईंसाठी १८ इंच केला, म्हणजे साधारण खुर्चीएवढाच, आणि एका बाजूला सागाचा आडवा हात लावला, धरून उठायला. ९ हजार जास्तीचे गेले. पहिल्यांदाच १४ आणि १८ केलं असतं तर वाचले असते. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर ९ इंचाच्या नादाला लागू नका, अगदी कळकळीने सांगते. १४ ला मांडी घालून पण छान बसता येतं आणि पाय खाली सोडून पण. आता आई दुपारी तिथेच वाती वळत बसतात.

बैठक किती खोल ठेवायची ह्याचं पण गणित आहे. सोफ्याची सीट २०-२२ इंच खोल असते, त्यात मांडी नीट बसतच नाही, गुडघे बाहेर येतात. बैठकीला निदान ३० इंच लागतात. आम्ही ३६ घेतले, म्हणजे ६ बाय ३ फूट, सिंगल गादीचं नेहमीचं माप. ह्याचा फायदा वापरायला लागल्यावर कळला, कारण कुठलीही रेडिमेड गादी, सिंगल बेडची चादर, सोलापुरी चादर बरोब्बर बसते, काही शिवून घ्यावं लागत नाही, आणि पाहुणे आले की तीन जणांच्या झोपायची सोय आपोआप. दिवाळीत नणंद, नंदावा आणि भाची चार दिवस राहिले, एकही गादी खाली घालावी लागली नाही.

गाद्यांबद्दल. नुसत्या कापसाची गादी मला हवीच होती, लहानपणची आठवण, उन्हात घातलेल्या गादीचा वास. पण बैठकीला दिवसभर एकाच जागी बसलं जातं, त्यामुळे तिथे खड्डा पडतो आणि गोळे होतात. सहा महिन्यांनी पिंजून घेतली, पिंजारी काका घरी येऊन करून गेले, पण हल्ली अशी माणसं मिळणं अवघड झालंय. शेवटी खाली ३ इंच कॉयर आणि वर २ इंच कापूस असं करून घेतलं. आठ महिने झाले, आकार टिकून आहे आणि वरून स्पर्श कापसाचाच. उन्हं मात्र दाखवायलाच लागतात, महिन्यातून एकदा, पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी लगेच.

आणि हो, बेस वरून पूर्ण बंद करू नका. आमचा पहिला बेस वरून सलग प्लाय होता, ऑगस्टमध्ये गादी उचलली तर खालच्या बाजूला करड्या ठिपक्यांची बुरशी आणि कुबट वास. हवा जायला जागाच नव्हती. उंची वाढवताना वर फळ्या टाकून घेतल्या, दोन फळ्यांत बोटभर फट. खाली मात्र बेस जमिनीला पूर्ण टेकलेला करून घेतला, कारण आधीच्या चार इंची बेसखाली झाडू जात नव्हता, पोछा जात नव्हता, कामाला येणाऱ्या मावशी रोज वैतागायच्या. आता खाली ड्रॉवर आहेत, तबल्याची गवसणी, हातोडी, मुलाचे ठोकळे, जास्तीच्या चादरी सगळं त्यात.

प्लगचं सांगायचं राहिलं. इलेक्ट्रिशियन नेहमीच्या सवयीने जमिनीपासून फूटभर उंचीवर पॉइंट देतात. सोफा असता तर चाललं असतं, इथे सगळे पॉइंट गादी आणि लोडांच्या मागे गेले. मोबाइल चार्जिंगला लावायचा तर लोड सरकवा, हात घाला. बैठकीच्या भिंतीवर पॉइंट ३० इंचावर घ्या. टीव्हीपण तसंच, नेहमीच्या उंचीला लावला तर लोडाला टेकून बघताना मान वर होते, आठवडाभरात माझी मान धरली. आम्ही सहा इंच खाली घेतला. भिंतीवरच्या फ्रेमपण खाली घेतल्या. बसलेल्या माणसाच्या नजरेत येतील अशा, उभ्या माणसाच्या नाही. ह्या एका गोष्टीने हॉल एकदम आपलासा वाटायला लागला, खरंच करून बघा.

कापडाची निवड. मला खण अतिशय आवडतो, त्यामुळे लोडांना आणि तक्क्यांना खणाचे अभ्रे शिवले, गर्द हिरवा आणि जांभळा, लाल काठ. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा खण मैत्रिणीने आणून दिला होता. दिसतात इतके देखणे की येणारा प्रत्येक जण विचारतो. पण रोजच्या वापराला नाजूक. विणीतले धागे वर असतात, मुलाच्या नखाने, बांगडीने, घड्याळाच्या पट्ट्याने ओढले जातात, आणि पहिल्या धुण्यात हिरव्याने रंग सोडला तो पांढऱ्या खोळीवर गेला. आता खण फक्त दोन छोट्या तक्क्यांवर आणि गुरुवारी, सणाला. रोजच्याला जाड सुती, गेरूच्या रंगाचं. डाग लपतात आणि मशीनला धुता येतं.

गाण्याच्या दृष्टीने सांगायचं तर हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा आनंद आहे. पझेशन घेतलं तेव्हा रिकामा हॉल नुसता घुमायचा, गुळगुळीत टाइल्स, उघड्या भिंती, षड्ज लावला की तो परत अंगावर यायचा. गाद्या, लोड, खाली जाजम आलं आणि आवाज बसला. तानपुऱ्याचा नाद आता स्वच्छ ऐकू येतो, शेवटपर्यंत. मिरजेचा तानपुरा आहे माझा, गुरूंनी निवडून दिलेला. त्याच्यासाठी कोपऱ्यात पाच फुटी कोनाडा करून घेतला, खाली भोपळ्यासाठी जाड नमद्याची गोल बैठक, पुढे पितळी साखळी म्हणजे मुलांचा बॉल लागून पडणार नाही. जागा मुद्दाम खिडकीपासून लांब घेतली. आधी खिडकीशी ठेवायचे तेव्हा दुपारच्या उन्हाने आणि वाऱ्याने तारा उतरायच्या, रोज निम्मा वेळ लावण्यातच जायचा. बाकी घरावर किती खर्च केला ते विसरेन, पण संध्याकाळी दिवा लावला की कोनाड्यात तो भोपळा चमकतो ते बघून माझं मन भरून येतं.

दिव्यांवरून आठवलं, बिल्डरने सगळीकडे पांढरे ६५०० केल्विनचे लाइट दिले होते. त्यात गेरूची भिंत मेल्यासारखी दिसायची, मी रंग चुकला म्हणून रडकुंडीला आले होते. पेंटरनेच सुचवलं, ताई आधी बल्ब बदलून बघा. ३००० चे पिवळसर लावले आणि तीच भिंत शेणामातीच्या घरासारखी ऊबदार झाली. रंग ठरवायच्या आधी त्याच लाइटखाली दोन बाय दोन फुटाचा पट्टा मारून सकाळ-संध्याकाळ बघा. फॉल्स सीलिंग केलं नाही, आधीच उंची नऊ फूट, उगाच कशाला कमी करायची. झोपाळा मनात होता, पण मागेपुढे मोकळी जागा लागते, साडेदहा फुटात बैठक आणि झोपाळा दोन्ही जमत नाही, सोडला.

जुन्या वाड्याच्या दाराच्या फळीचा चौरंगासारखा टेबल केलाय, चहाला, वह्यांना. साग आहे, मधला भाग दगडासारखा. पण तीन महिन्यांनी एका कडेखाली पिठासारखी भुकटी पडायला लागली, बघितलं तर टाचणीच्या टोकाएवढी भोकं. सागाच्या आतल्या गाभ्याला सहसा कीड लागत नाही, कडेच्या पांढरट भागाला लागते, हे मिस्त्रींनी तेव्हा सांगितलं. ती कड दीड इंच कापून टाकली, बाकीच्याला औषध मारलं, नंतर भुकटी दिसली नाही. जुनं लाकूड घ्या जरूर, घेतानाच पांढरी कड काढून मागा.

देवघर बैठकीच्या समोर आहे, त्याला मागे पांढरं लॅमिनेट लावलं ही चूक. निरांजनाची काजळी चार महिन्यांत वर पानाच्या आकारासारखी चढली, पुसली तर पसरते. आता मागे कडप्प्याचा तुकडा बसवलाय, ओल्या फडक्याने निघतं. किचनचं फार सांगत नाही, एकच, सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० चा शिक्का असलेला, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय स्वतः डोळ्याने बघून घ्या. आम्हाला सांगितला होता तोच लावला असं म्हणाले, आठ महिन्यांत खालची फळी फुगली, उघडून बघितलं तर ३०३ चा, म्हणजे साधा निघाला. भांडून बदलून घेतला, पण मनस्ताप झालाच.

पाहुण्यांचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. खरं सांगते, सुरुवातीला काही जण अवघडले. घट्ट जीन्समधले, पोट असलेले, नुकतं ऑपरेशन झालेले. त्यांच्यासाठी दोन वेताच्या खुर्च्या घेतल्या, ५ हजारात, लागल्या की आणायच्या. पण गंमत अशी की एकदा टेकलेला माणूस लवकर उठत नाही. सोसायटीची भिशी आमच्याकडे असते तेव्हा अकरा जणी बसतात, सोफ्यावर पाच मावल्या असत्या. आईंच्या बहिणी आल्या की दोघी अठरा इंचावर, बाकी मंडळी खाली.

थंडीत मात्र नाशिकची टाइल बर्फ असते, जानेवारीत सकाळी रियाजाला बसताना पाय गारठायचे. जाजमाखाली घोंगडी घातली, प्रश्न मिटला. उन्हाळ्यात घोंगडी काढली की तीच गार फरशी बरी वाटते.

खर्च विचाराल तर तिन्ही बेस, ड्रॉवरसकट ४१ हजार, उंचीचे ९ हजार, गाद्या दोनदा मिळून साधारण १६, लोड-तक्के-कापड ११. म्हणजे सोफ्यापेक्षा स्वस्त पडलं नाही, कुणी स्वस्त म्हणून करत असेल तर तसं नाहीये. चुका टाळल्या तर पंधरा एक हजार वाचतील.

आता आईंच्या खोलीतला पलंग बदलायचाय. मिस्त्रींना ह्या वेळी आधी आईंना खुर्चीवर बसवून गुडघ्यापर्यंतचं माप घ्यायला सांगितलंय, रविवारी येतायत.