बारीक नेकचा बास घ्यायचाय? आधी मोजपट्टी काढा

भाचीने माझा जुना बास गिटार आठवडाभर वाजवला आणि परत आणून दिला. "मामा, हात दुखस." चूक तिची नाही. सेकंडहँड घेतलेल्या त्या बासचा नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, मुसळच. आता तिला नवा हवाय, खिशाला परवडणारा आणि हाताला बारीक.

दुकानदार "स्लिम नेक" म्हणतो तेव्हा तो नेमकं काय सांगतोय ते विचारा. नटजवळची (नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात ती पट्टी म्हणजे नट) रुंदी वेगळी, मागची जाडी वेगळी. आणि बोटं ताणली जातात ती बहुतेक वेळा या दोन्हींमुळे नव्हे, तर तारेच्या लांबीमुळे, म्हणजे स्केलमुळे.

रुंदीपासून बघू. फेंडरचा जॅझ बास १९६० साली आला तेव्हापासून त्याची ओळखच नटजवळ अरुंद नेक, साधारण ३८ मिमी. स्क्वायर अफिनिटी जॅझमध्ये तेच माप स्वस्तात मिळतं. यामाहा टीआरबीएक्स १७४ सुद्धा ३८चाच. आयबानेझ जीएसआर २०० मात्र ४१ मिमी. हा ३ मिमीचा फरक तारांमधल्या तीन फटींत वाटला गेला की एकेका फटीला जेमतेम १ मिमी येतो. ई तारेवर, म्हणजे सर्वांत जाड तारेवर, बोट नेताना तो जाणवतो, पण हात दुखायचा थांबेल एवढा नाही.

मागून सर्वांत पातळ आयबानेझ एसआर ३००ई. पहिल्या फ्रेटला (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) जेमतेम १९.५ मिमी, नट ३८. अंगठा मागे ठेवला की नेक आहे की नाही असं वाटतं. पैसेही त्याच मानाने लागतात. टीआरबीएक्स १७४ आणि जीएसआर २०० सहसा एकाच पायरीवर असतात. स्क्वायर जॅझ आणि एसआर त्यांच्या वर.

आता स्केल. हे चारही बास ३४ इंची. यांच्यावर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत अंतर सुमारे १३ सेंमी भरतं. आयबानेझ मिक्रो जीएसआरएम २० चा स्केल २८.६ इंच, तिथे तेच अंतर ११ सेंमी. तब्बल २ सेंमी वाचले, आणि गंमत म्हणजे त्याचा नट ४१चा आहे! कागदावर "रुंद" असलेला बास लहान हाताला सर्वांत सोपा. मधला पर्याय स्क्वायर ब्रॉन्को, ३० इंची, एकच पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग).

मग सगळ्यांनी मिक्रोच का घेऊ नये? कारण आखूड स्केलवर ई तार सैल पडते, खर्जाचा ठोका गोळीबंद येत नाही. आपल्याकडच्या बँडमध्ये बासचे सूर बहुतेकदा कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातातही असतात, वर ढोलकी आणि पॅड. त्या गदारोळात सैल ई विरून जाते. घरी शिकायचं असेल, किंवा वाजवणारं पोर दहा-बारा वर्षांचं असेल, तर मिक्रो बिनधास्त घ्या.

भाचीसारख्या मोठ्या मुलीसाठी मी टीआरबीएक्सच्या बाजूने आहे. नट अरुंद, २४ फ्रेट, पी (प्रिसिजन) आणि जे (जॅझ) अशा दोन्ही धर्तीचे पिकअप, आणि पॅसिव्ह असल्यामुळे बॅटरीची कटकट नाही. एसआर ३००ई आणि जीएसआर २०० दोघांनाही बॅटरी लागते. केबल खोचून ठेवली की बॅटरी उतरत राहते, आणि हळदीच्या ऐन गाण्यात आवाज बसला की कीबोर्डवाला ज्या नजरेने बघतो ती मी झेललेली आहे. तरीही मनगटाचं दुखणं असेल आणि पैसे जमत असतील तर एसआरच घ्या.

१३ सेंमी जड जाणाऱ्यांनी एक करून पाहावं. खालच्या फ्रेट्सवर चार बोटं चार फ्रेटवर पसरायचा हट्ट सोडावा. तर्जनी, मधलं आणि करंगळी एवढ्यांनी तीन फ्रेट धरावेत, गरजेप्रमाणे हात सरकवावा. अंगठा नेकच्या पाठीमागे, मधल्या बोटासमोर.

कोणताही घेतलात तरी सेटिंग करून घ्या. तारा उंच असल्या तर बारीक नेकही छळतो. शिवाय आपला मे महिना, पारा ४४-४५ वर. पत्र्याच्या खोलीत किंवा टेम्पोत ठेवलेल्या बासचा नेक हलतो आणि मग ट्रस रॉडला, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईला, चावी द्यावी लागते. पाव फेरीपेक्षा जास्त एका दमात फिरवू नका.

भाची नंदुरबारला राहते, तिला सुरत जवळ. शनिवारी मावशीकडे जाणार आहे, तिथे दुकानात हात लावून बघेल. पट्टी पर्समध्ये टाकलीय.