‘साठ गेम फुकट’वाला स्विच : १६,२०० रुपये पाण्यात

तालुक्याच्या मोबाईल दुकानात जुना निन्टेंडो स्विच, म्हणजे हातात धरून खेळायचं गेम मशीन, ‘साठ गेम फुकट’ म्हणून दाखवत असतील, तर खिशात हात घालायच्या आधी हे वाचा. आम्ही घेतला तो १४,५०० ला. त्यातले १०,००० ऑनलाइन, ४,५०० रोख, कारण "रोख देसान तं बरं पडते, भाऊ." त्या साडेचार हजारांचा पुरावा तिथंच संपला.

अधिकृत दुकानातून घ्यायचा होता, हे शहाणपण कोणी शिकवू नये. पहिला स्विच निन्टेंडोनं भारतात अधिकृतपणे आणलाच नाही. नागपुरातला मालही बाहेरूनच आलेला. एका ओरिजनल गेमला साडेतीन-चार हजार लागतात, अन् कापसाच्या चुकाऱ्यात पोट्ट्याचा हट्ट किती बसवायचा?

डोळे उघडायला हवे होते ते दुकानदारानं मशीन चालू करून दाखवलं तेव्हा. चांगला स्विच वरचं एक बटण दाबलं की सुरू होतो. इथं पठ्ठ्यानं पाठ फिरवून उजव्या कंट्रोलरच्या खाचेत प्लास्टिकचा तुकडा सरकवला, आवाजाचं बटण दाबून धरलं आणि आपल्या मोबाईलची केबल जोडली. वर सांगितलं, "बॅटरी पुरी उतरू देऊ नोका, अन् वायफाय तं लावूच नोका." आणखी काय पाटी लावायची असते?

२०१८ च्या मध्यापूर्वीच्या स्विचच्या चिपमध्ये सुरक्षेचं एक भोक आहे. ते अपडेटनं बुजत नाही. चोरीचे गेम त्यातूनच चालतात, पण मशीन पूर्ण बंद पडलं की तीच खटपट पुन्हा करावी लागते. आपल्याकडचं लोडशेडिंग माहीतच आहे. रात्रभर लाइन नाही, बॅटरी शून्यावर, सकाळी एकही गेम उघडत नाही. ‘परत टाकून देतो’ म्हणून ५०० घेतले. टाकायचं काहीच नव्हतं, गेम मेमरी कार्डातच होते.

कार्डाचं निराळंच. वर छापलंय २५६ जीबी, आत निघाले ३२. अशा कार्डाची आतली चिप खोटा आकार सांगते. ३२ च्या पुढं लिहिलेलं सरळ गायब होतं. म्हणून यादीत साठ गेम दिसतात अन् निम्मे उघडताच बंद पडतात. कॉम्प्युटरवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू (कार्डाचा खरा आकार तपासणारं सॉफ्टवेअर) लावा, आधी कार्ड रिकामं करून. वेळ लागतो, पण खोटं लपत नाही. त्याच दुकानातल्या ‘ओरिजनल’ कार्डाला आणखी १,२०० गेले, एकूण १६,२००. यात्रेत चारशे गेमचा डबा मिळतो, तेच गेम नावं बदलून. तो निदान चारशे रुपयांतच लुबाडतो.

सगळ्यात मोठा घाव पुढंच होता. वायफाय लावून ई-शॉप, म्हणजे निन्टेंडोचं ऑनलाइन दुकान, उघडलं तर पडद्यावर एरर २१२४-४००७. कंपनीनं हे मशीनच ऑनलाइनमधून हाकललेलं. खातं बदला, रीसेट मारा, बंदी उठत नाही. ओरिजनल कार्ट्रिज घातलं तर चालतं, बस तेवढंच. दुकानातच आपल्या मोबाईलचं हॉटस्पॉट द्या अन् ई-शॉप उघडायला लावा. नाही म्हटलं की उठा. उजव्या खाचेतल्या दहा पिनाही बॅटरी मारून बघा. कडेची वाकलेली असेल तर कोणीतरी तार खुपसलीय, अन् तो कंट्रोलर कधी लागेल, कधी नाही.

तक्रार घेऊन गेलो, तर पोलीस ठाण्यात काय झालं? "खेळण्यापायी कंप्लेंट?" मग म्हणे हे दिवाणी प्रकरण. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, हे सांगावं लागलं. त्यावर उलटच धमकी : चोरीचे गेम तर तुमच्याच घरी आहेत! कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. तो मात्र काउंटरवर बसून चहा पितोय. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला तर म्हणे समोरासमोरचा व्यवहार आहे, स्थानिक ठाण्यात जा. ठाणं म्हणते ग्राहक आयोगात जा. फसलेला माणूस नुसता गाडीला पेट्रोल घालत राहतो, अन् दुकानदारालाही नेमकं हेच ठाऊक असतं.

पक्कं बिल घ्या, त्यावर मशीनखालचा सिरियल नंबर लिहून घ्या, ‘जुना माल, गॅरंटी नाही’ हे शब्द खोडायला लावा. ५ लाखांपर्यंतच्या मालाला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, मुदत दोन वर्षं. वकील नसला तरी अर्ज घेतात.