एआयएस: रिटर्नचा अख्खा सीझन वापरून झाल्यावर

गिरगावात माझं आयकर रिटर्न भरून देण्याचं छोटं ऑफिस आहे. पगारदार, निवृत्त मंडळी, थोडे दुकानदार, सगळे पिढीजात घरगुती क्लायंट. मूल्यांकन वर्ष २०२५-२६ च्या (म्हणजे एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ च्या उत्पन्नाच्या) कामाला लागताना मी एक नियम केला: एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उघडून वाचल्याशिवाय एकही रिटर्न भरायचं नाही, मग ते नुसत्या पेन्शनचं का असेना. त्या वर्षी मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरला गेली आणि शेवटी आणखी एक दिवस मिळाला, त्यामुळे हे नीट जमलंही. आता माझं मत पक्कं झालंय. एआयएस फार कामाचं आहे, पण तो तुमच्या उत्पन्नाचा हिशेब नव्हे. बँका, कंपन्या, शेअर सांभाळणाऱ्या डिपॉझिटरी, तुम्ही नोकरी करता तो मालक यांनी तुमच्या पॅनवर आयकर खात्याला काय काय कळवलं, त्याची ती यादी आहे. यादीतलं सगळंच तुमचं उत्पन्न असेल असं नाही, आणि तुमचं सगळं उत्पन्न यादीत असेल असंही नाही.

एआयएस नोव्हेंबर २०२१ मध्ये आलं. आधी आम्ही २६एएस या विवरणावर काम भागवायचो, पण त्यात आता टीडीएस-टीसीएसपुरतंच, म्हणजे आधीच कापलेल्या किंवा गोळा केलेल्या करापुरतंच दिसतं. बचत खात्याचं व्याज, लाभांश, शेअर आणि म्युच्युअल फंडांची खरेदी-विक्री, हे सगळं बघायचं तर एआयएसच उघडावं लागतं.

सर्वात मोठा फायदा झाला तो ज्येष्ठांच्या व्याजाच्या बाबतीत. दरवर्षी ठरलेला संवाद असतो. “अहो ताई, मी बँकेत १५एच फॉर्म भरून दिलाय, मग व्याज कशाला दाखवायचं?” किंवा, “बँकेने कापून घेतलंय ना टॅक्स? मग झालं की!” पूर्वी समजावून सांगताना घसा कोरडा पडायचा. आता मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवते. बँकेचं नाव, खात्याचा क्रमांक, रुपयापर्यंतची रक्कम समोर दिसते. १५एच दिला म्हणजे टीडीएस कापला जात नाही एवढंच, व्याज करमुक्त होत नाही, हे त्यांना तिथल्या तिथे पटतं. मग मी लगेच दुसरी गोष्ट सांगते: जुनी करप्रणाली घेतली तर ज्येष्ठांना कलम ८०टीटीबीखाली ५०,००० रुपयांपर्यंतच्या व्याजाची वजावट मिळते, नव्या प्रणालीत ती नाही. कोणती प्रणाली घ्यायची याची चर्चा मग खऱ्या आकड्यांवर होते.

पण इथेच पहिली खोच आहे. मुदत ठेवीचं तेच व्याज एआयएसमध्ये दोनदा दिसू शकतं, एकदा कलम १९४ए (व्याजावरचा टीडीएस) खाली टीडीएसबरोबर आणि एकदा बँकेने वेगळ्या कळवलेल्या व्याजाच्या नोंदीत. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी घरी मुलाकडून विवरण उघडून घेतलं आणि दोन्ही रकमांची बेरीज बघून त्यांची झोप उडाली. म्हणून मी आधी टीआयएस बघते, तो एआयएसचाच गोषवारा आहे. दुहेरी नोंदी वगळून प्रणालीने धरलेली रक्कम त्यात वेगळ्या रकान्यात असते. तरी दोन आकड्यांत थोडाही फरक दिसला की बँकेचं व्याज प्रमाणपत्र मागवतेच. आधीच भरून आलेल्या रिटर्नवर डोळे मिटून ‘सबमिट’ करू नका, हे मी कळकळीने सांगते.

आता खास मुंबईची गोष्ट. आमच्याकडच्या कितीतरी चाळी आणि जुन्या इमारती रिडेव्हलपमेंटला गेल्यात. विकासक दरमहा ट्रान्झिट रेंट, म्हणजे नवी इमारत होईपर्यंत दुसरीकडे राहण्यासाठीची रक्कम, देतो आणि काही विकासक त्यावर कलम १९४-आय (भाड्यावरचा टीडीएस) खाली टीडीएस कापतात. मग एआयएसमध्ये ‘भाडं मिळालं’ अशी नोंद उमटते. एक काका वैतागून म्हणाले, “मी कुठे घर भाड्याने दिलंय? मीच भाड्याने राहतोय डोंबिवलीला!” त्यांचं बरोबरच होतं. राहतं घर रिकामं करून देणाऱ्याला गैरसोयीपोटी मिळालेली ती रक्कम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ट्रान्झिट रेंटवर टीडीएस कापायची गरज नाही असं सांगितलंय. तरीही नोंद पडते ती पडतेच, आणि रिटर्न आपोआप भरून घेतलं तर ती घरभाड्याच्या उत्पन्नात जाऊन बसायची भीती असते. अशा केसला मी पुरेसा वेळ देते. विकासकाशी झालेला करारनामा, स्वतःच्या भाड्याच्या घराचा लीव्ह अँड लायसन्स करार आणि बँकेचं स्टेटमेंट हे तीनही कागद समोर ठेवते. मिळालेल्या रकमेतून भाडं देऊन काही उरत असेल तर त्याचा विचार वेगळा करावा लागतो. शिवाय कापलेल्या टीडीएसचा परतावा मागायचा तर ती रक्कम रिटर्नमध्ये कुठे आणि कशी दाखवली, याचं उत्तर तयार हवं.

नोंद चुकीची वाटली तर एआयएसमध्येच फीडबॅक देता येतो: माहिती बरोबर आहे, उत्पन्न करपात्र नाही, माहिती पूर्ण बरोबर नाही, दुसऱ्या पॅनची किंवा दुसऱ्या वर्षाची आहे, दुसऱ्या नोंदीत आलेली आहे, किंवा माहिती अमान्य. नोंद अमान्य केली की ती ज्याने कळवली त्याच्याकडे खातरजमेसाठी जाऊ शकते, आणि त्याने काय उत्तर दिलं हे मे २०२४ पासून आपल्यालाही बघता येतं. ही सुधारणा मला मनापासून आवडली. पण समोरच्याने ‘माझंच बरोबर’ म्हटलं की नोंद तशीच राहते, आणि पायपीट करदात्याच्या नशिबी येते. सत्तरीतल्या माणसाने बँकेच्या शाखेत तीन-तीन खेपा घालायच्या, तेही दुसऱ्याच्या चुकीसाठी, हे मला अजिबात पटत नाही.

यादीत जे नसतं त्याची काळजी मला जास्त वाटते. नोकरदारांच्या पतपेढीतल्या ठेवी हे त्याचं ठळक उदाहरण. मुंबईत घरटी कोणी ना कोणी पतपेढीचा सभासद असतो, आणि तिथलं व्याज अनेकदा एआयएसमध्ये दिसतच नाही. नाही दिसलं तरी ते करपात्र आहेच. त्यामुळे “काकू, ऑफिसच्या पतपेढीत काही ठेव आहे का?” हा प्रश्न मी तोंडी विचारतेच. भाड्याचंही तसंच. भाडेकरूने एचआरएसाठी (घरभाडे भत्त्यासाठी) आपल्या कंपनीला घरमालकाचा पॅन दिला असेल तर नोंद दिसू शकते, नाहीतर नाही.

शेअरवाल्यांसाठी ते वर्ष कटकटीचं होतं. २३ जुलै २०२४ पासून दर बदलले: अल्पकालीन नफ्यावर १५ चे २० टक्के, दीर्घकालीनवर १० चे १२.५ टक्के; आणि दीर्घकालीन नफ्यावरची सूट पूर्ण वर्षासाठी १ लाखावरून सव्वा लाख. विक्रीच्या तारखा एआयएसमध्ये मिळतात, त्यांचा उपयोग झाला. खरेदीच्या किमतीवर मात्र मी विसंबत नाही. वडिलांच्या पश्चात नावावर झालेले शेअर मुलाने विकले तर खरेदी किंमत वडिलांची धरायची असते, आणि लिस्टेड शेअर १ फेब्रुवारी २०१८ पूर्वीचे असतील तर ३१ जानेवारी २०१८ चा भावही बघावा लागतो. एआयएसमध्ये हे तयार मिळेल अशी आशा ठेवू नका. जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोट आणि ब्रोकरचं स्टेटमेंट काढा.

वापरायला सोपं आहे. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. २०२३ पासून मोबाइल अॅपही आहे. ऑफिसपर्यंत येऊ न शकणाऱ्यांकडे गेले की मी तेच दाखवते. एप्रिलमध्ये मात्र घाई करू नका. चौथ्या तिमाहीचं टीडीएस विवरण आणि बँकांची माहिती द्यायची मुदत ३१ मे असते, तोवर चित्र अर्धवटच असतं. मी जूनच्या मध्यानंतर पहिल्यांदा उघडते, रिटर्न भरायच्या दिवशी पुन्हा उघडते, कारण नोंदी मधल्या काळातही बदलतात, आणि त्या दिवसाची पीडीएफ क्लायंटच्या फायलीत ठेवते.

पाचपैकी चार तारे. पाचवा तारा अडला तो खातरजमेपाशी: चुकीची नोंद पाठवणाऱ्याला ठरावीक दिवसांत सकारण उत्तर द्यायला लावलं, तर तोही आनंदाने देईन.